कचेरीच्या चार भिंती आणि खिशातला साक्षीदार

फेब्रुवारी १९३६. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या बोरसदची मामलेदार कचेरी. सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या जिच्या माथी मारलं गेलं त्या जातीतला एक शिकलेला तरुण तलाठी म्हणून रुजू व्हायला येतो. हातात नेमणुकीचा सरकारी हुकूम. कारकून विचारतो, कोण तू? तरुण जात सांगतो. लगेच हुकूम सुटतो, लांब उभा राहा. नेमणुकीचा कागद आणि दाखला जमिनीवर टाकायला लावतात, मग कारकून तो उचलतो. वर ऐकवतो की ही कचेरी आहे म्हणून वाचलास, बाहेर भेटला असतास तर लाथा घातल्या असत्या. पुढे त्याच कचेरीत त्याच्या पाण्यासाठी एक गंजकं भांडं वेगळं ठेवलं गेलं. त्याला दुसरं कुणी हात लावत नव्हतं.

ही हकीकत आज आपल्याला माहीत आहे ती कशामुळे? बोरसदच्या दप्तरात ती नाही. त्या तरुणाने ६ मार्च १९३८ ला मुंबईत दादरच्या कासारवाडीतल्या समाजाच्या सभेत उभं राहून ती सांगितली आणि बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवली. ते लिखाणसुद्धा पुस्तिका म्हणून छापून यायला १९९० उजाडलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती छापली.

आम्हाला या हकीकतीतलं कारकुनाचं ते एक वाक्य सोडत नाही. कचेरी आहे म्हणून वाचलास. म्हणजे कचेरीत लाथ मारता येत नाही, पण शब्द मारता येतो, आणि तो शब्द भिंतीबाहेर जात नाही. कायद्याचं राज्य आलं तेव्हा जातीने एवढंच केलं, लाथ आवरली आणि शब्द केबिनमध्ये नेला.

आज हे सगळं पुन्हा काढण्याचं कारण म्हणजे तरुणांकडून वारंवार येणारा एक प्रश्न. साहेब केबिनमध्ये एकट्याला बोलावतात, दार लावतात, 'तुमचे कोट्यातले लोक' पासून सुरुवात करतात आणि थेट जातीवर येतात. बाहेर आल्यावर गोड बोलतात. मोबाईलवर किंवा खिशातल्या छोट्या रेकॉर्डरवर हे टिपून ठेवलं तर चालेल का? उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होईल का? याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात देता येतं. पण त्यामागचा इतिहास कळला नाही तर तो रेकॉर्डर खिशात असूनही उपयोगाचा नाही.

सुरुवात साक्षीच्या इतिहासापासून करावी लागते. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहा. कुणाच्या खटल्यात कुणाची साक्ष चालेल हे तिथे वर्णावर ठरतं. द्विजांसाठी त्यांच्या बरोबरीचे द्विज, शूद्रांसाठी शूद्र, आणि अंत्यजांसाठी अंत्यजच. म्हणजे वरच्या माणसाने खालच्यावर अन्याय केला तर त्याच्या विरोधात खालच्याचा शब्द उभाच राहू नये अशी सोय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं गेलं त्यात पाणी आणि मंदिर यांच्याइतकीच ही साक्षीची तरतूदही होती. तिची आठवण आपण फारशी काढत नाही.

इंग्रजांचा १८७२ चा पुरावा कायदा आला आणि कागदावर तरी साक्षीदाराची जात गेली. त्या कायद्यात आवाजाच्या यंत्राचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं, तशी यंत्रंच नव्हती. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर टेपरेकॉर्डर कोर्टात आला तेव्हा न्यायाधीशांना जुन्या कलमांतूनच वाट काढावी लागली. ही वाट पहिल्यांदा ठळकपणे कुणी काढून दिली? एका नोकरदारानेच.

पंजाबातले सिव्हिल सर्जन डॉ. प्रताप सिंह. निवृत्तीपूर्वीच्या रजेवर होते. निवृत्तीला काही दिवस उरले असताना, जून १९६१ मध्ये, त्यांची रजा रद्द झाली, निलंबन झालं आणि चौकशी लागली. त्यांचं म्हणणं असं की मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांच्या घरच्यांची मर्जी राखणं आपण बंद केलं म्हणून हा सूड आहे. एकटा डॉक्टर एका बाजूला, राज्याचा मुख्यमंत्री दुसऱ्या बाजूला. कुणाचा शब्द चालला असता? पण डॉक्टरांकडे टेप होत्या, मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबाशी झालेल्या संभाषणाच्या. उच्च न्यायालयात ते हरले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती कारवाई दुष्ट हेतूची ठरवून रद्द केली. टेपमध्ये फेरफार होऊ शकतो म्हणून टेप पुरावाच नाही, हा सरकारचा युक्तिवाद बहुमताने मानला नाही. फेरफार कागदातही होतोच, मग काय कागद फेकून द्यायचे? आणि मुख्यमंत्र्यांनी स्वतः शपथेवर ते आरोप नाकारले नव्हते, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही.

हा निकाल प्रत्येक नोकरदाराने लक्षात ठेवावा असा आहे. 'रेकॉर्डिंग म्हणजे विश्वासघात' असं सांगणारे वरिष्ठ भेटतात. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल, बदली, मेमो आणि निलंबन आहे त्याला विश्वासाचीच साधनं पुरतात. ज्याच्या हातात काहीच नाही त्याने काय करायचं?

त्यानंतरची दोन प्रकरणं आपल्या मुंबईची. एकात मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्याला लाच देऊ करणाऱ्या युसुफअली नगरीचं बोलणं पोलिसांनी कर्मचाऱ्याच्या घरात माईक लपवून टिपलं होतं. १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टेपची तुलना घटनेच्या छायाचित्राशी केली. मात्र टेप पुसता येते, पुन्हा भरता येते, म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहावं. आवाज कुणाचा, कुठे, केव्हा, हे नीट सिद्ध व्हावं, असं बजावलं. त्या खटल्यात टेप सीलबंद केली नव्हती आणि न्यायालयाने ते नोंदवलं. टेप टिकली, कारण फेरफार झाल्याचं कुणी म्हटलंच नव्हतं. आपल्यावर एवढी मेहेरबानी होईल असं धरून चालू नका.

दुसरं मलकानी प्रकरण. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका रुग्णाच्या मृत्यूनंतर अहवाल अनुकूल देण्यासाठी डॉक्टरकडे वीस हजार रुपये मागितले. मग दहावर आले. मध्यस्थ असलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या घरच्या फोनला लाचलुचपत विभागाने टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं टिपलं. कॉरोनरचं म्हणणं, हा माझ्या खासगीपणावर घाला आहे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने झालेलं रेकॉर्डिंग म्हणजे चोरून तार ऐकणं नव्हे, असा त्याचा अर्थ. आज कामाच्या ठिकाणी स्वतःशी झालेलं बोलणं टिपणाऱ्या माणसाच्या पाठीशी जो आधार आहे, त्याचं मूळ इथे आहे. जुलै २०२५ मध्ये पती-पत्नीच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून ऐकायला मोकळीक दिली.

पण आधाराची सीमाही तिथेच आहे, हे विसरू नका. तुम्ही बोलण्यात हजर असाल तरच. साहेबांच्या केबिनमध्ये रेकॉर्डर ठेवून निघून यायचं आणि दुसऱ्या दोघांचं बोलणं पकडायचं, ही वेगळी गोष्ट आहे. ती करायला गेलात तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल.

आता जरा थांबून एक पाहा. डॉक्टर, कॉरोनर, मुख्यमंत्री, लाचलुचपत विभाग. रेकॉर्डरच्या या सगळ्या इतिहासात आपण कुठे आहोत? साठच्या दशकात टेपरेकॉर्डर ही श्रीमंतांची आणि पोलिसांची वस्तू होती. आपल्या वस्तीत टेप आली ती नंतर, कॅसेटच्या काळात, आणि आली ती भीमगीतं ऐकायला. चौदा एप्रिलला अख्खी गल्ली एका टेपवर जागायची. त्याच यंत्राचं लाल बटण दाबलं की समोरच्याचा शब्द पकडता येतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण तो डबा खिशात मावत नव्हता. खिशात मावणारं यंत्र सफाई कामगाराच्या हाती आलं ते स्वस्त मोबाईलनंतर. म्हणजे पुराव्याचं हे हत्यार कायद्यात शिरल्यावर आपल्यापर्यंत पोचायला चाळीसेक वर्षं गेली.

आणि हत्यार हाती आलं तोवर मैदानच बदललं होतं.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्यातलं मूळ कलम ३(१)(१०), आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतरची ३(१)(आर) आणि ३(१)(एस). अपमान, धमकी, जातीवाचक शिवी गुन्हा ठरते, पण ती लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी झाली असेल तर. कायद्याची भाषा आहे 'पब्लिक व्ह्यू'. २००८ च्या स्वर्णसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक जागा वेगळी आणि लोकांच्या दृष्टीसमोरची जागा वेगळी. गेटपाशी दिलेली शिवी रस्त्यावरून दिसते, म्हणून तो गुन्हा. इथवर ठीक. पण बंद जागेत बाहेरचे लोक हजर असतील तर गुन्हा, आणि ते लोक म्हणजे नुसते नातेवाईक किंवा मित्र नकोत, असंही तिथेच म्हटलं गेलं. वाचा हे पुन्हा. आपल्या अपमानाला आपलाच भाऊ, आपलाच मित्र साक्षी असेल तर तो 'लोक' नाही. आठव्या अध्यायात अंत्यजाचा साक्षी अंत्यजच असला पाहिजे होता, आता नेमका तोच चालत नाही. न्यायमूर्तींच्या मनात मनू होता असं आम्ही म्हणत नाही. परिणाम काय होतो तेवढंच दाखवतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींआडचा अपमान या कलमात बसत नाही असं ठरलं. आणि ३१ जानेवारी २०२५ ला, 'मूकनायक'च्या पहिल्या अंकाला १०५ वर्षं झाली त्याच दिवशी, करुप्पुदयार प्रकरणाचा निकाल आला. तमिळनाडूतला एक महसूल निरीक्षक. आपल्याच कार्यालयात, कामाच्या खुर्चीवर असताना, कामासाठी आलेल्या माणसाने जातीवरून शिवीगाळ केली अशी तक्रार. सहकारी आले ते नंतर. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घटना चार भिंतींच्या आत घडली, लोकांच्या दृष्टीसमोर नव्हे, खटला रद्द.

बोरसदचा तलाठी आणि तमिळनाडूचा महसूल निरीक्षक यांच्यात जवळजवळ ८९ वर्षं आहेत. खातं महसूलच. भिंती त्याच.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, रेकॉर्डर शब्द सिद्ध करतो, पण 'लोक' निर्माण करत नाही. केबिनमध्ये दोघंच असताना टिपलेली शिवी कितीही स्वच्छ ऐकू आली तरी (आर) आणि (एस) या कलमांत ती अडकून पडू शकते. नुसती क्लिप घेऊन पोलीस ठाण्यात धावणाऱ्या तरुणाला हे कुणी सांगत नाही, आणि मग 'खोटी केस' म्हणून बोंब मारायला समोरचे मोकळे. तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये शिवीइतकंच महत्त्वाचं आहे ते दार उघडं होतं का, शिपाई चहा घेऊन आत होता का, कामासाठी आलेला माणूस बाकावर बसला होता का, हे. ते आवाजात आपोआप येतं. 'पाटील, तुम्ही बसा, याला जरा ऐकवतो' हे एक वाक्य टेपवर असलं तर चार भिंतींचं कवच फुटतं.

शिवाय त्या कायद्यात फक्त ही दोनच कलमं नाहीत. ३(२)(व्हीए) या कलमाला अनुसूची जोडलेली आहे, तीत गुन्हेगारी धाकदपटशाही आहे, आणि तिथे लोकांच्या दृष्टीसमोरची अट नाही. 'तुझी नोकरी खातो, हातपाय तोडतो' अशा धमकीचं रेकॉर्डिंग इथे कामाला येतं. समोरच्याला जात माहीत नव्हती हा नेहमीचा बचाव. पण कलम ८(क) नुसार आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं, जोवर तो उलट सिद्ध करत नाही. वर्षानुवर्षं एका आस्थापनेत काम करणाऱ्यांना हे लागू होतं. आणि विभागीय चौकशीत पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत. तिथे क्लिपचं वजन कोर्टापेक्षा लवकर पडतं. आपले लोक थेट फौजदारीचा विचार करतात आणि ही बाजू सोडून देतात.

कऱ्हाडचं उदाहरण घ्या. शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातला एक अनुसूचित जातीचा कर्मचारी, त्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे. त्यातून निघालेलं प्रकरण म्हणजे सुभाष काशीनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलचा भारत बंद झाला, माणसं मेली, संसदेने कलम १८-अ आणलं, २०१९ मध्ये न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण मूळ भांडण काय होतं? एका कार्यालयातला शेरा. देश पेटवणाऱ्या प्रकरणाची सुरुवात एका कागदावरच्या दोन ओळींनी झाली होती. म्हणून कागदाचा कंटाळा करू नका. रेकॉर्डिंग केलंत त्याच संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, जागा, हजर माणसं लिहा. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.

आता यंत्राची गोष्ट. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात ६५-बी घातलं. २०१४ च्या अन्वर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मग गोंधळ झाला, तो मिटला आपल्या जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतला का, याचा पुरावा निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओत होता आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निकाल जुलै २०२०. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत दिली तर आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. आता हे कलम ६३ आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग, एक यंत्र वापरणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. आत एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. आपल्या आज्यांचे अंगठे सावकाराने कोऱ्या कागदावर घेतले. हा अंगठा मात्र आपल्या बाजूने उठतो, फाईल जशीच्या तशी ठेवली तर.

जशीच्या तशी, म्हणजे कापायची नाही, आवाज वाढवायचा नाही, मागचं पुढचं काढून 'मुद्द्याचं तेवढं' ठेवायचं नाही. ग्रुपवर टाकायची तर अजिबात नाही. क्लिप व्हायरल झाली की आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं. समोरच्या वकिलाला मात्र तिथूनच सुरुवात मिळते, आणि बदनामीची नोटीस येते ती वेगळीच. समोरच्याला डिवचून बोलायला लावणंही नको. टेपवर तुमचाही आवाज आहे.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेल्यावर रेकॉर्ड केलं तर शासकीय गुपितांचा कायदा लावू, अशी धमकी अनेकांना मिळते. वर्ध्याच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये आणि पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. हे दोन निकाल फोनमध्ये ठेवा. आणि २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५-अ(१०) सुद्धा: अत्याचाराच्या खटल्याचं सगळं कामकाज चित्रित झालं पाहिजे असं कायदाच म्हणतो. म्हणजे संसदेला कळलंय की आपल्या खटल्यात नोंद हवी. खटला चालतो त्या खोलीत कॅमेरा, गुन्हा घडतो त्या खोलीत दार बंद.

आमचा एक कार्यकर्ता, एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक. दोन वर्षांपूर्वी त्याने वरिष्ठाचं बोलणं फोनवर टिपलं. नऊ मिनिटं, स्वच्छ आवाज, मध्ये शिपायाचाही आवाज आहे. घाबरून त्याने ते बायकोला आणि आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि गप्प बसला. सहा महिन्यांनी मेमो आला तेव्हा तो उठला. तोवर फोन बदलला होता. जुना दुकानात देऊन नवा घेतला होता. हाती उरली ती व्हॉट्सअ‍ॅपची प्रत, नाव बदललेली, आकार घटलेली. चौकशी अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, मूळ यंत्र कुठे आहे?

शिपाई अजून त्याच कार्यालयात आहे, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. तो बोलेन म्हणतो, मग नाही म्हणतो. मोबाईलच्या दुकानदाराकडे आम्ही तीनदा जाऊन आलो. फोन दुरुस्त करून त्याने पुढे विकला, वहीत गिऱ्हाईकाचं नाव नाही, फक्त रक्कम आहे. चौकशीची पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे.